सामाईक दूतावास : भाड्याआधी ठरते हद्द

सोलापूर - सामाईक जिना कोणी झाडायचा, पाण्याचे बिल कोणी किती भरायचे, यावरून जुन्या वाड्यांत होणारे वाद सोलापूरकरांना नवे नाहीत. परदेशात एकाच छताखाली कार्यालये थाटणाऱ्या सरकारांपुढेही हेच प्रश्न असतात. मात्र तेथे भाडेकरूला बाहेर काढणे घरमालकाला जवळजवळ अशक्य असते.

इमारतीचा भागही दूतावास
१९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार दूतावासाची जागा म्हणजे त्या कामासाठी वापरली जाणारी इमारत किंवा इमारतीचा भाग. मालकी कोणाचीही असो. या तरतुदीमुळेच सामाईक वास्तव्य शक्य होते. कलम २२ नुसार दूतावासप्रमुखाच्या संमतीविना यजमान देशाच्या अधिकाऱ्यांना आत जाता येत नाही. साहजिकच कोणता मजला कोणाचा, हे आधी निश्चित करावे लागते.

बर्लिनमध्ये डेन्मार्क, फिनलंड, आइसलँड, नॉर्वे व स्वीडन यांनी १९९९ मध्ये एकाच आवारात दूतावास उघडले. प्रत्येकाची इमारत स्वतंत्र, तर सहावी सर्वांची. ब्रिटन व कॅनडा यांनीही २०१२ मध्ये एकमेकांच्या कार्यालयांत जागा देण्याबाबत समझोता केला.

भाड्यात काय काय?
वापरातील क्षेत्रफळ, सामाईक दालनांचा वाटा, पहारा व देखभाल यांचा हिशेब भाडे ठरविताना करावा लागतो. कलम २३ नुसार दूतावासाला जागेवरील करांतून सूट आहे. प्रत्यक्ष पुरविलेल्या सेवांचे पैसे मात्र द्यावे लागतात. स्थानिक कायद्याने जो कर घरमालकावर बसतो, त्याला ही सूट लागू नाही. तो बोजा कोणी उचलायचा, हे करारातच लिहिलेले बरे.

थकबाकीचे काय?
भारतात १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार परकीय राष्ट्रावर दावा लावण्यास केंद्र सरकारची संमती लागते. परकीय राष्ट्राच्या जागेत भाडेकरू असलेल्यास ही अट नाही; त्या राष्ट्राला जागा देणाऱ्या घरमालकाला मात्र आहे. अल्जीरियाच्या दूतावासाकडील येण्याबाबतची संमती केंद्राने नाकारली, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरविचाराचा आदेश दिला होता.

मुंबईतील जीना हाउसचे उदाहरण बोलके आहे. मलबार हिलवरील १९३६ च्या या वास्तूत ब्रिटिश उप-उच्चायुक्तालय १९८० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत भाड्याने होते. ते गेल्यावर पाकिस्तानने वाणिज्य दूतावासासाठी जागा मागितली. भारताने ती दिली नाही. पुढे २००७ मध्ये जीनांच्या कन्येने मालकी हक्कासाठी उच्च न्यायालयात धाव घेतली. भाडेकरू गेला, तरी जागेचा प्रश्न सुटला नाही.

म्हणूनच अशा करारांत भाड्याच्या आकड्याइतकेच महत्त्व जागा सोडण्याच्या अटींना असते. वाद झाल्यावर न्यायालयाचे दार सहजी उघडत नाही. जे ठरवायचे, ते स्वाक्षरीपूर्वीच ठरवावे लागते.