मंडळी, ख्रिस्ती
एका गावात वा वस्तीत राहणाऱ्या, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि नियमित उपासनेसाठी एकत्र जमणाऱ्या ख्रिस्ती स्त्रीपुरुषांच्या समुदायास मराठी प्रॉटेस्टंट परंपरेत ‘मंडळी’ अशी संज्ञा आहे. ‘चर्च’ ह्या शब्दाने उपासनेची इमारत, तेथे जमणारा समुदाय आणि संपूर्ण पंथसंस्था ह्या तिन्ही गोष्टींचा बोध होतो. मराठीत इमारतीस देऊळ, मंदिर वा चर्च म्हणतात आणि माणसांना मंडळी. घरची माणसे, जमलेले लोक ह्या अर्थांनी रूढ असलेला हा साधा शब्द बायबलच्या भाषांतरकारांनी ग्रीक ‘एक्लेसिया’ (बोलावून एकत्र केलेली सभा) ह्या शब्दासाठी योजला. ही निवड अतिशय समर्पक ठरली असे म्हणावे लागेल. कारण पहिल्या शतकातील ख्रिस्ती समुदायांना स्वतंत्र उपासनामंदिरे नव्हती, ते कोणाच्या तरी घरीच जमत.

नव्या करारात ह्या समुदायांच्या प्रमुखांसाठी तीन संज्ञा येतात : एपिस्कोपोस म्हणजे देखरेख करणारा (मराठी बायबलमध्ये ‘अध्यक्ष’), प्रेस्बितेरोस म्हणजे वडील आणि दिआकोनोस म्हणजे सेवक. प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात विधवांच्या रोजच्या अन्नवाटपात पक्षपात होत असल्याची तक्रार उद्भवली आणि तिच्या निवारणासाठी सात जणांची निवड झाली, असा वृत्तांत आहे. मंडळीतील निवडलेल्या नेतृत्वाचा हा आरंभीचा दाखला असून तो पंगतीतील वाढपावरून निर्माण झालेल्या भांडणाचा आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. पुढे अध्यक्षाचा बिशप झाला आणि वडील हे पद काही पंथांत दीक्षित धर्मगुरूकडे, तर काही पंथांत निवडून दिलेल्या गृहस्थांकडे गेले.

इतिहास : महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे स्वरूप समजण्यास अमेरिकन मराठी मिशनचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ह्या मिशनचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले व १८३१ मध्ये अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) हे त्याचे प्रमुख केंद्र बनले. मिशन काँग्रिगेशनल पंथाचे होते. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंपूर्ण असून तिने आपला पाळक स्वतः निवडावा व आपला कारभार स्वतः करावा, हे ह्या पंथाचे मूलतत्त्व. प्रत्यक्षात मात्र आरंभीची सर्व सत्ता मिशनरी साहेबांच्या हाती होती. १८५४ मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक ह्यांना पाळकपदाची दीक्षा देण्यात आली. त्याच सुमारास, १८५४–५५ मध्ये, अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडर्सन ह्यांनी भारतातील केंद्रांची पाहणी केली. मंडळीने स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि प्रसारही स्वतःच करावा, हे त्यांचे त्रिसूत्र प्रसिद्ध आहे.

ह्यांपैकी दुसरे सूत्र सर्वांत अवघड ठरले. १८७६–७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातील खेड्यांतून मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. नवे सभासद बहुतेक महार व मांग समाजांतील, भूमिहीन वा अल्पभूधारक होते. ज्यांच्या घरात दोन वेळचे अन्न नाही त्यांनी पाळकाचा पगार उचलावा, ही अपेक्षा कागदावर योग्य असली, तरी व्यवहारात दीर्घकाळ अपुरीच राहिली. पगार मिशनचा म्हणून निर्णयही मिशनचा, अशी स्थिती आली. अनेक खेड्यांत शाळेचा मास्तर हाच उपदेशक असे. आठवडाभर मुलांना अक्षरे शिकवणारा मास्तर रविवारी उपासना चालवी, पत्रे वाचून दाखवी आणि पाटील-तलाठ्याकडे लोकांच्या वतीने शब्द टाकी. पाळकांच्या शिक्षणासाठी आर. ए. ह्यूम ह्यांनी १८७८ मध्ये अहमदनगर येथे ईश्वरविज्ञान विद्यालय सुरू केले. मंडळ्यांच्या परस्परसंघास ‘ऐक्य’ असे नाव होते.

पगारी धर्मसेवेतील हा पेच ⇨ नारायण वामन टिळक ह्यांच्या आयुष्यात सर्वांत तीव्रतेने प्रकट झाला. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी अनेक वर्षे ह्याच मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण नेमणूकपत्राने मिळालेला अधिकार आणि लोकांनी मनाने मानलेला अधिकार ह्यांतील अंतर त्यांच्या त्यागाने उघड झाले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ⇨ स्मृतिचित्रांत त्या काळच्या मंडळीजीवनाचे जे चित्रण आहे, ते कोणत्याही मिशनच्या अहवालापेक्षा बोलके आहे.

१९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया ही संस्था बनली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा पंथसंस्थांच्या विलीनीकरणाने चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (उत्तर भारतीय चर्च) अस्तित्वात आली. अँग्लिकन परंपरेतील बिशप, प्रेस्बिटेरियन परंपरेतील वडीलमंडळ आणि काँग्रिगेशनल परंपरेतील सभासदांची सभा ह्या तिन्हींना तिच्या घटनेत स्थान आहे. मेथडिस्ट, मेनोनाइट, साल्व्हेशन आर्मी, अलायन्स इ. पंथांच्या मंडळ्या महाराष्ट्रात स्वतंत्रपणे कार्य करतात.

नित्यजीवन : मंडळीचा आठवडा रविवारच्या उपासनेभोवती फिरतो. प्रार्थना, शास्त्रवाचन, गीते, उपदेश, दान व आशीर्वाद असा तिचा क्रम असतो. गीतांसाठी ‘उपासनासंगीत’ हा संग्रह रूढ आहे. त्यातील एक प्रवाह पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या गीतांचा, तर दुसरा अभंग, पदे व भजने ह्यांचा आहे. खेड्यांतील मंडळीत पेटी, तबला व टाळ ह्यांवरच उपासना चालते. शहरात ऑर्गनची जागा अलीकडे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी घेतली आहे. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगर भागात रुजविण्यात कृष्णराव रत्नाजी सांगळे ह्यांचा मोठा वाटा आहे. जमिनीवर बैठक असेल तेथे पुरुष एका बाजूस व स्त्रिया दुसऱ्या बाजूस बसतात. प्रभुभोजनाचा विधी बहुतेक ठिकाणी महिन्याच्या पहिल्या रविवारी होतो.

मंडळीचे खरे आयुष्य मात्र रविवारखेरीजच्या सहा दिवसांत दिसते. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. परीक्षेस बसणारा मुलगा, न ठरणारे लग्न, दवाखान्यात असलेली सासू, दारूच्या आहारी गेलेला भाऊ असे विषय तेथे नावानिशी मांडले जातात. प्रार्थनेनंतर चहा होतो आणि कोणाकडे पैशाची किंवा माणसांची गरज आहे, ते त्या चहाच्या वेळीच ठरते. महिलामंडळ, तरुणसंघ व मुलांची रविवारची शाळा ह्या संस्था जवळजवळ प्रत्येक मंडळीत असतात. स्वयंपाकापूर्वी मूठभर धान्य बाजूला काढून ते मंडळीस देण्याची प्रथा अनेक ठिकाणी स्त्रियांनी चालविली. रोख दानापेक्षा ह्या मुठीचा आधार गरीब मंडळ्यांना अधिक शाश्वत वाटे. सुगीनंतर उपकारस्तुतीच्या दिवशी पहिले कणीस, भाजी, अंडी, क्वचित कोंबडी वेदीपुढे आणतात व उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखाद्या नारळाला बाजारभावाच्या कितीतरी पट किंमत येते आणि तो विकत घेणारा बहुधा तो पुन्हा लिलावास ठेवतो.

नाताळपूर्वी तरुणांचे गट रात्री घरोघर गाणी म्हणत फिरतात. उत्तम शुक्रवारी दुपारी तीन तासांची उपासना होते व ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील सात उद्‌गारांवर निरनिराळे वक्ते बोलतात. हे वक्ते पाळक नसून मंडळीतील शिक्षक, परिचारिका, कारकून असेही असतात. विवाह १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार लागतात. त्यासाठी पूर्वसूचना आवश्यक असते व सामान्यतः सकाळी सहा ते सायंकाळी सात ह्या वेळेतच विधी करावा लागतो. हळद, मांडव व मानपान मात्र बहुतांशी शेजाऱ्यांसारखेच असतात. मृत्यूच्या प्रसंगी पाळकाआधी शेजारची मंडळी पोहोचते. पेटी आणणे, खड्डा खणवून घेणे, नातेवाइकांना कळविणे ही कामे कोणीही वाटून न देता आपोआप वाटली जातात.

नेतृत्व : पाळक (प्रेस्बिटर) हा मंडळीचा दीक्षित प्रमुख होय. उपदेश, संस्कारविधी, घरभेटी आणि बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या नोंदवह्या ही त्याची प्रमुख कामे. लोक त्याला पाळकसाहेब व त्याच्या पत्नीला पाळकीणबाई म्हणतात. पाळकीणबाईंना कोणतीही दीक्षा वा वेतन नसते. परंतु महिलामंडळ त्या चालवितात, रुग्णांच्या घरी त्या जातात आणि पाळकापर्यंत न पोहोचणाऱ्या कुटुंबांतील गोष्टी त्यांच्यापर्यंत पोहोचतात. पूर्वीच्या ‘बायबलबाई’ हे अल्पवेतनी पद होते. स्त्रियांच्या शिक्षणात त्यांनी केलेल्या कामाची नोंद मिशनच्या इतिहासांत पुरेशी झालेली नाही.

कारभार पाहणाऱ्या समितीवर (पास्टरेट कमिटी) सभासद निवडून दिले जातात. वार्षिक सभेत चिटणीस व खजिनदार अहवाल वाचतात. ही सभा बहुधा वर्षातील सर्वांत गरम सभा असते. घंटेच्या दोरापासून पाळकगृहाच्या गळक्या छपरापर्यंतच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब तेथे मागितला जातो. बाहेरच्या निरीक्षकास हे भांडण वाटते. पण दीडशे वर्षांपूर्वी सर्व हिशेब साहेबांच्या कचेरीत बंद असत हे ध्यानी घेतले, तर ह्या गरमपणाचे मोल कळते. निवडणुकीत घराणी, पोटजाती व शिक्षणसंस्थांतील नोकऱ्या ह्यांचे गट पडतात, ही टीका मात्र अन्याय्य म्हणता येत नाही.

पाळकाच्या नेमणुकीबाबत दोन परंपरांत ताण आहे. काँग्रिगेशनल पद्धतीत मंडळी पाळकाला बोलावी. १९७० नंतरच्या व्यवस्थेत त्याची नेमणूक व बदली धर्मप्रांताकडून होते. बदलीमुळे पाळक एका गटाच्या मुठीत राहत नाही. उलट, काही वर्षांत जाणारा पाळक घराघरांतील जुनी दुखणी समजून घेण्याआधीच निघून जातो. अशा वेळी मंडळीची स्मृती वयोवृद्ध वडिलांकडे व पाळकगृहाशेजारी राहणाऱ्या एखाद्या विधवेकडे राहते. दक्षिण भारतीय चर्चमध्ये २०१३ मध्ये प्रथमच एक स्त्री बिशप झाली. स्त्री पाळकांना चर्च ऑफ नॉर्थ इंडियातही मान्यता आहे, पण त्यांची संख्या अल्प आहे.

मालमत्ता : मिशनऱ्यांनी मागे ठेवलेल्या जमिनी, शाळा व इस्पितळे शहरांच्या मध्यभागी आल्याने त्यांचे मूल्य वाढले व नेतृत्वाचे प्रश्न न्यायालयांत गेले. ह्या मालमत्ता बहुधा सार्वजनिक विश्वस्त निधी म्हणून १९५० च्या कायद्याखाली नोंदविलेल्या आहेत. गुजरातेतील ब्रदरन मंडळीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला, की केवळ विलीनीकरणाच्या ठरावाने विश्वस्त निधीची मालमत्ता नव्या संस्थेकडे जात नाही. त्यासाठी कायद्यातील रीतसर प्रक्रिया व्हावी लागते. अशा दाव्यांची झळ स्थानिक मंडळीस लागते ती वेगळ्या रीतीने. दावा चालू असेतो छप्परही दुरुस्त करता येत नाही.

जात व नोंदवही : १९५० च्या अनुसूचित जातिविषयक राष्ट्रपतींच्या आदेशानुसार हा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. शिखांना तो १९५६ मध्ये व बौद्धांना १९९० मध्ये लागू झाला, ख्रिस्ती व मुसलमान मात्र बाहेरच राहिले. रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस २००७ मध्ये केली. २०२२ मध्ये पुन्हा एक आयोग नेमण्यात आला. परिणामतः बाप्तिस्म्याची नोंदवही हे केवळ धार्मिक दप्तर राहत नाही. नियमाने उपासनेस येणारी, पण नोंदवहीत नाव घालू नका असे सांगणारी कुटुंबे नगर व मराठवाडा भागांतील पाळकांना परिचित आहेत. नोंद नसल्यास प्रभुभोजन, मतदान व ख्रिस्ती विवाह ह्यांचे प्रश्न येतात. नोंद केल्यास मुलाची शिष्यवृत्ती व नोकरीतील राखीव जागा जाते. नियम काटेकोर पाळणारा पाळक माणसे गमावतो आणि डोळेझाक करणारा पाळक नोंदवहीशी अप्रामाणिक ठरतो. ह्यावर कोणत्याही पंथसंस्थेने सर्वमान्य मार्ग काढलेला नाही.

कॅथलिक धर्मग्राम : वसईच्या मराठीत पॅरिशला ‘धर्मग्राम’ म्हणतात. पोर्तुगीज अमलापासून (१५३४–१७३९) चालत आलेले येथील समाज शेतीभातीने व जमिनीने सधन असल्याने मिशनच्या पगाराचा प्रश्न येथे त्या स्वरूपात उद्‌भवला नाही. प्रमुख धर्मगुरूची नेमणूक बिशप करतो. १९८३ च्या धर्मसंहितेनुसार प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिती बंधनकारक आहे, तर पाळकीय मंडळाचे मत केवळ सल्ल्याच्या स्वरूपाचे असते. मतदान नसले, तरी लोकमत नसते असे नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत होऊ लागली व प्रापंचिकांचा सहभाग वाढला. १९८० च्या दशकाअखेरीस पाणी व हिरवाई वाचविण्यासाठी वसईत जे आंदोलन झाले, त्याचे नेतृत्व फादर ⇨ फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांनी केले. त्यात अन्य धर्मीयही होते. वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ मध्ये झाला.

खेड्यांतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे तरुण सभासद शिक्षण व नोकरीसाठी पुणे, मुंबई व औद्योगिक वसाहतींकडे गेल्याने अनेक ठिकाणी रविवारी दहा-पंधरा वृद्धच उपासनेस असतात. एकच पाळक चार-पाच गावे सांभाळतो. ज्या रविवारी तो येत नाही, त्या दिवशी मंडळीतील एखादी निवृत्त शिक्षिका शास्त्रवाचन करते व उपदेशही देते. नाताळच्या आठवड्यात बाहेरगावची कुटुंबे परततात. देवळास चुना लागतो, स्मशानभूमीतील गवत काढले जाते आणि वार्षिक सभाही बहुधा त्याच आठवड्यात उरकून घेतात.