हिंसेची नोंद : वर्धा जिल्हा आणि स्त्रियांवरील गुन्ह्यांचे संशोधन

स्त्रियांवरील हिंसेचा अभ्यास मुख्यतः तीन ठिकाणच्या कागदांवर उभा असतो : पोलीस ठाण्याची नोंदवही, रुग्णालयातला न्यायवैद्यक तपासणीचा अहवाल आणि घरोघर फिरून भरलेली सर्वेक्षणाची प्रश्नावली. एकच मारहाण या तिन्हींत तीन वेगळ्या रूपांत उतरते; पुष्कळदा एकाही कागदावर उतरत नाही. वर्धा जिल्ह्याला या अभ्यासात वेगळे स्थान आहे. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून इथे १९७० च्या दशकाच्या मध्यापासून दारूबंदी आहे, आणि सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातून निघालेल्या एका अहवालाने बलात्कारपीडितेच्या तपासणीची पद्धत राज्यभर बदलायला लावली.

पोलिसांच्या आकड्यांपासून सुरुवात करावी लागते, कारण चर्चा बहुतेक त्यांच्यावरच होते. देशातील गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. एका तक्रारीत अनेक गुन्हे असले तरी मोजणीत त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा धरला जातो. जॉन किटसूस आणि ॲरन सिकोरेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९६३ मध्येच दाखवले होते, की असे सरकारी आकडे गुन्हेगारांपेक्षा नोंद करणाऱ्या यंत्रणेच्या कामाविषयी जास्त सांगतात. वर्ध्यातल्या दारूबंदीच्या केसेस हे त्याचे अगदी हाताशी असलेले उदाहरण. चोरीला फिर्यादी असतो, दारूविक्रीला नसतो. पोलिसांनी छापा घातला, दारूसाठी आंबवलेला मोहाचा सडवा नष्ट केला, पंचनामा झाला, तरच १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा उभा राहतो. त्यामुळे गावठी दारूविरुद्धची पोलिसांची ‘वॉश आऊट’ मोहीम जोरात असलेल्या महिन्यात गुन्हे वाढलेले दिसतात आणि बंदोबस्तात मनुष्यबळ अडकले की घटलेले दिसतात. गावात दारू तेवढीच असते. यवतमाळ, अमरावती, नागपूर या शेजारच्या जिल्ह्यांत विक्री खुली असल्याने सीमेपलीकडून बाटल्या येत राहतात.

छापे कुठे पडतात हाही संशोधनाचा विषय आहे. गावठी दारूविरुद्धच्या मोहिमेच्या बातम्यांत पारधी बेड्यांचे, म्हणजे पारध्यांच्या वस्त्यांचे, नाव वारंवार येते. पारधी समाजावर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण महाराष्ट्रात सराईत गुन्हेगारांविषयीचा १९५९ चा कायदा आला आणि संशयाची सवय टिकली. या प्रश्नात स्त्रिया दोन्ही बाजूंना आहेत. बंदी कडक करा म्हणून मोर्चे काढणाऱ्या स्त्रिया आहेत; उपजीविकेला दुसरे काही नाही म्हणून भट्टीपाशी बसणाऱ्या आणि छाप्यात सापडणाऱ्याही स्त्रियाच आहेत. दारूबंदीच्या मूल्यमापनात पहिल्यांचा आवाज येतो, दुसऱ्यांचा जवळजवळ येत नाही. ही त्रुटी लहान नाही.

दारू आणि घरातील मारहाण यांचा संबंध मात्र आकड्यांत स्पष्ट दिसतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) नवरा वारंवार झिंगत असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्क्यांनी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सांगितली. नवरा पीत नसलेल्यांत हे प्रमाण सुमारे २३ टक्के होते. डारा ली लुका, एमिली ओवेन्स आणि गुंजन शर्मा या अर्थतज्ज्ञांनी २०१५ मध्ये भारतातील राज्यांच्या दारूबंदीचा अभ्यास प्रसिद्ध केला. बंदी असताना पुरुषांचे पिणे आणि स्त्रियांवरील हिंसा दोन्ही कमी आढळली. स्त्रियांनी गावोगाव लावून धरलेल्या मागणीला यातून बळ मिळते. तरीही न पिणाऱ्यांच्या घरातले ते २३ टक्के विसरता येत नाहीत. दारू हात उचलायला धीर देते. हात उचलण्याचा हक्क आपल्याला आहे ही समजूत तिच्याआधीची असते.

पाचव्या कुटुंब आरोग्य पाहणीतच महाराष्ट्रातील वैवाहिक हिंसेचे प्रमाण २५.२ टक्के निघाले. चौथ्या पाहणीत ते २१.३ होते. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्क्यांनी ती कोणालाच सांगितली नव्हती आणि मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के होत्या. पोलीस ठाण्यातला आकडा या १४ टक्क्यांतल्याही एका तुकड्याचा आहे. शिवाय हिंसेविषयीचे प्रश्न निवडक घरांतच विचारले जात असल्याने या पाहणीत जिल्हावार आकडा दिला जात नाही. म्हणजे पन्नास वर्षे दारूबंदी पाहिलेल्या वर्धा जिल्ह्यात तिचा घरातल्या मारहाणीवर काय परिणाम झाला, हे या सर्वांत मोठ्या पाहणीतून काढता येत नाही.

मृत्यूची नोंद तरी नेमकी असेल असे वाटते. तसे नाही. २००१ मध्ये भारतात भाजून सुमारे १ लाख ६३ हजार मृत्यू झाले आणि त्यांत १ लाख ६ हजार स्त्रिया होत्या, असा अंदाज प्राची संघवी, कवी भल्ला आणि वीणा दास यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. पोलिसांच्या आकड्याच्या तो सुमारे सहापट होता. जळीत कक्षात काय घडते हे ज्योती बेलूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तपासले. बेलूर स्वतः पोलीस सेवेत होत्या. त्यांच्या २०१४ च्या लेखातून दिसते, की मृत्यू ‘स्टोव्हचा भडका’ ठरतो, आत्महत्या ठरते की हुंडाबळी, हे सासर, माहेर, डॉक्टर, तपास अधिकारी आणि मृत्युपूर्व जबाब यांच्या ओढाताणीत ठरत जाते. खाटेभोवती सासरची माणसे उभी असताना मूल मागे ठेवून जाणारी बाई काय सांगणार, हा प्रश्न त्या कागदावर कुठेच नसतो.

सेवाग्रामचे काम रुग्णालयातल्या अशाच एका कागदावर, न्यायवैद्यक तपासणीच्या अहवालावर, आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तिथल्या न्यायवैद्यकशास्त्र विभागातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीची स्थिती अभ्यासून अहवाल तयार केला. तपासणीचा एकसारखा नमुना नव्हता, डॉक्टरांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते, पुरावा गोळा करण्यात ढिलाई होती, आणि जे लिहिले जाई ते पीडितेच्याच चारित्र्यावर शेरा मारणारे असे. योनिमार्गात दोन बोटे घालून ती ‘संभोगाला सरावलेली’ आहे का हे लिहिण्याची पद्धत त्यांतलीच. अशा निष्कर्षाला शास्त्राचा आधार नाही, आणि बलात्कार झाला की नाही याच्याशी त्याचा काही संबंधही नाही.

या एका शेऱ्याने काय होते ते विदर्भाने आधीच पाहिले होते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. वैद्यकीय अहवालात दोन बोटांचा उल्लेख होता आणि अंगावर जखमा नसल्याची नोंद होती. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाविरुद्ध उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडे पत्र लिहिले. देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कोठडीतील बलात्काराचा कायदा बदलला. कायदा बदलला तरी तपासणीचा अर्ज तसाच राहिला.

सेवाग्रामच्या अहवालाच्या आधारे २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल झाली. मुंबईची ‘सेहत’ ही संशोधन संस्थाही तीत सहभागी झाली. मे २०१३ मध्ये राज्य सरकारने तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि बोटांची चाचणी वगळली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग करते असे म्हटले. २०१४ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने आपला नमुना दिला. पुढची पायरी पाठ्यपुस्तकाची होती. कौमार्याची लक्षणे शिकवणारा भाग अशास्त्रीय आहे, असे खांडेकरांनी सप्रमाण मांडले. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो अभ्यासक्रमातून काढला. एवढे होऊनही ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या चाचणीविरुद्ध पुन्हा आदेश द्यावा लागला. वाक्य अर्जावरून खोडणे सोपे; शिकवणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या मनातून ते जायला पिढी लागते.

वर्धा जिल्ह्यातच, ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाटच्या नंदोरी चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने पेट्रोल टाकून पेटवले. १० फेब्रुवारीला नागपूरच्या रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. बरोबर दोन वर्षांनी आरोपीला जन्मठेप झाली. या घटनेने राज्य हादरले आणि कठोर शिक्षांचे शक्ती विधेयक विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीअभावी ते अमलात आले नाही. पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा २०१३ पासूनच कायद्यात आहे. पेट्रोल हातात येण्याआधीचे ते महिने कोणत्या नोंदवहीत येतात, याकडे शिक्षेच्या चर्चेत लक्ष गेले नाही.

ठाण्यात बाईचे ऐकून घेतले जावे यासाठी महाराष्ट्राने एक वाट लवकर शोधली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तिथे पोलिसांच्या आवारात समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. पुढे राज्य सरकारने ही पद्धत जिल्ह्यांत नेली. शेजारच्या मध्य प्रदेशात १८० ठाण्यांत महिला मदत कक्षांचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले. कक्ष असलेल्या ठाण्यांत स्त्रियांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि कक्ष चालवणारी अधिकारी स्त्री असेल तिथे एफआयआरही वाढले. अशा ठिकाणी वाढलेला आकडा हे चांगले लक्षण असते, पण जिल्ह्याच्या आढावा बैठकीत वाढीचा जाब विचारला जातो.

जानेवारी २०२२ मध्ये वर्धा जिल्ह्यातील आर्वीत नोंदच टाळल्याचे उलटे उदाहरण समोर आले. एका अल्पवयीन मुलीच्या बेकायदा गर्भपाताचा तपास करताना पोलिसांना एका खासगी रुग्णालयाच्या आवारातील गोबरगॅसच्या खड्ड्यात अर्भकांच्या ११ कवट्या आणि ५४ हाडे सापडली. गर्भपात कायद्यानुसार संमतीपत्र आणि दाखल नोंदवही ठेवावी लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलीबाबत पोक्सो कायद्याच्या कलम १९ खाली पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पण हेच बंधन मुलींना सुरक्षित डॉक्टरपासून दूर ढकलते. नाव ठाण्यात जाईल या भीतीने घरचे लोक कागद न करणाऱ्याचा दरवाजा शोधतात. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने यातून वाट काढली : डॉक्टरने कलम १९ खालची माहिती द्यावीच, मात्र मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास तीत तिचे नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही.