जहाजाच्या अंगावरील रेघ

लोखंडाचा खिळा पाण्यात टाकला की तो तळ गाठतो. परंतु त्याच धातूचे सहस्रावधी टन वजनाचे जहाज मात्र तरंगते. ह्याचे कारण सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने सांगितले. पाण्यात शिरणारी वस्तू पाणी बाजूस सारते, आणि त्या सारलेल्या पाण्याचे जेवढे वजन, तेवढ्या जोराने पाणी तिला वर रेटते. गुरुत्वाकर्षण खाली ओढते, पाणी वर रेटते. दोहोंचा मेळ बसला की वस्तू तरंगते. भरीव खिळा अगदी थोडे पाणी सारतो. जहाज आतून पोकळ असल्यामुळे स्वतःच्या वजनाइतके पाणी सारू शकते.

येथवरचा भाग शाळेतही शिकविला जातो. परंतु सगळे पाणी सारखे जड नसते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. एक घनमीटर गोडे पाणी सुमारे १ टन भरते, तर समुद्राचे पाणी त्यातील क्षारांमुळे सुमारे १.०२५ टन. समजा, मालासह १०,२५० टन वजनाचे एक जहाज बंगालच्या उपसागरातून हुगळी नदीत शिरून कोलकात्याच्या गोदीकडे निघाले आहे. समुद्रात ते १०,००० घनमीटर पाणी सारीत होते. नदीच्या गोड्या पाण्यात त्याला १०,२५० घनमीटर पाणी सारावे लागेल. पाण्याच्या पातळीशी जहाजाचा आडवा छेद २,००० चौरस मीटर असेल, तर ते साडेबारा सेंटीमीटर अधिक खोल बसेल, आणि तेही मालाची एक गोणीसुद्धा न वाढता! ही खोली पुरती वीतभरही नाही. पण हुगळीच्या गाळाने भरलेल्या पात्रात तेवढ्यानेही जहाज रुतू शकते.

जहाज किती खोल बसू द्यावे, हा एके काळी मालकाच्या मर्जीचा प्रश्न होता. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील कित्येक मालक जीर्ण जहाजेही विम्याच्या भरवशावर वाजवीपेक्षा अधिक लादीत. अशा जहाजांना लोक शवपेट्या म्हणत. पार्लमेंटचे सभासद सॅम्युएल प्लिम्सॉल ह्यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून हा अनाचार उघडकीस आणला, आणि १८७६ च्या कायद्याने जहाजावर भाररेषा काढणे सक्तीचे झाले. नवल असे की, ती कोठे काढावी हे मालकावरच सोपविलेले होते! ही पळवाट १८९० मध्ये बुजविण्यात आली.

आज मालवाहू जहाजाच्या दोन्ही अंगांना मध्यभागी एक वर्तुळ व त्याला छेदणारी आडवी रेघ दिसते. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या लहान रेघा असतात. गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेच्या वर असते, हे वरील हिशेबावरून उघडच आहे. रेघेवरील कोरडा भाग म्हणजे राखीव रेटा होय. लाट आदळून जहाज दबले की तो भाग पाणी सारून त्याला पुन्हा उचलतो. म्हणूनच ऋतूप्रमाणे रेघ बदलते. बंगालच्या उपसागरात उष्ण कटिबंधाची वरची रेघ डिसेंबर ते एप्रिल एवढेच पाच महिने चालते. मेपासून नोव्हेंबरअखेर, पावसाळ्याच्या व वादळांच्या दिवसांत, जहाज खालच्या रेघेपर्यंतच भरावे लागते.