नवापूरची साथ, निर्यातीची वेस आणि कुक्कुटांडत्वक् भस्म

१८ फेब्रुवारी २००६ हा दिवस अनेक वैद्यबंधूंच्या स्मरणात असेल. आमच्याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांना एच-५ एन-१ या विषाणूची लागण झाल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीतून जाहीर झाले आणि ‘बर्ड फ्लू’ची भारतातील ती पहिली नोंद ठरली. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. विषाणूस ही सीमा कळण्याचे कारण नव्हते. पलीकडच्या उच्छल तालुक्यातही पक्षी नष्ट करावे लागले.

त्यानंतर अनेक देशांनी भारतातील अंडी व कुक्कुटमांस यांची आयात थांबविली. रोग नवापुरात, आणि फटका तमिळनाडूतील नामक्कलच्या अंडी-निर्यातीस! बंदरावरील तपासणी केवळ पेटीतील अंड्यांपुरती नसते. मूळ देशाच्या पशुवैद्यकाने दिलेले आरोग्य प्रमाणपत्र हा तिचा पाया होय. देश रोगमुक्त असल्याचे त्यात लिहिता आले नाही, की निरोगी मालही अडतो. आपलीही रीत निराळी नव्हती. १८९८ च्या पशुधन आयात कायद्याच्या कक्षेत २००१ मध्ये पशुजन्य पदार्थही आले आणि त्याच्या आधारे बर्ड फ्लू आढळलेल्या देशांचा माल आपण सरसकट नाकारीत असू. अमेरिकेने याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २०१५ मध्ये अपिलातही निर्णय भारताच्या विरुद्ध गेला : निर्बंध बाधित प्रदेशापुरते असावेत, सबंध देशावर नव्हे. नवापूर जवळून पाहिलेल्या आम्हांस हा निर्णय, प्रतिकूल असूनही, रास्तच वाटतो.

आता आपल्या औषधिशाळेकडे वळू. श्वेतप्रदरात आपण कुक्कुटांडत्वक् भस्म योजितो. ७० अंश सेल्सिअसला नष्ट होणारा हा विषाणू गजपुटातून उरणे शक्य नाही. तेव्हा रुग्णाविषयी चिंता नको. चिंता आहे ती शोधनापूर्वीची. कवचे गोळा करणारे, धुणारे, आतील पापुद्रा सोलणारे हात बहुधा उघडेच असतात आणि विषाणू पक्ष्याच्या विष्ठेतून कवचावर येतो. ग्रंथोक्त शोधन द्रव्याचे होते. ते करणाऱ्याच्या रक्षणाचा विचार आपणच करावयाचा आहे.

२०२१ मध्ये नवापुरात रोग पुन्हा उद्भवला, तेव्हा आमच्याकडे आलेली कवचांची गोणी कोठली, हे पुरवठादारास सांगता आले नाही. आम्ही ती परत केली आणि त्या हंगामात प्रवाळभस्मावर काम भागविले. तेव्हापासून कवचे कोणत्या गावची व कोणत्या कुक्कुटशाळेची, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय आम्ही गोणी उतरवून घेत नाही.