चूक इथे, खूण तिथे

लिंक्ड लिस्टमधली मेमरीची चूक जिथे होते तिथे सहसा दिसत नाही. नोड एका फंक्शनमध्ये बिघडतो आणि प्रोग्रॅम भलत्याच ओळीवर कोसळतो. चूक आणि तिची खूण यांच्यातलं हे अंतर कमी करायला सी भाषेच्या जगाला तीसेक वर्षं लागली.

1979च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत नुकताच फ्री केलेला ब्लॉक पुढच्या मॅलॉकआधी रिअ‍ॅलॉकला द्यायची मुभा मॅन्युअलनेच दिली होती. 1988 साली कर्निगन आणि रिची यांच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र लिस्टचंच उदाहरण घेऊन बजावलं: नोड फ्री करून मग त्यातूनच पुढचा पत्ता वाचू नका. पत्ता आधी बाजूला ठेवा, मग फ्री करा.

माझी पिढी कॉलेजात सी शिकली ती डॉसवरच्या टर्बो सीमध्ये. तिथे मेमरीला राखण नव्हती, भरकटलेला पॉइंटर कुठेही लिहून येई. प्रोग्रॅम संपताना कधी 'नल पॉइंटर असाइनमेंट' एवढा संदेश उमटे, पण ओळ कळत नसे. कधी मशीनच अडकून बसे.

नोडच्या आकाराऐवजी पॉइंटरच्या आकाराएवढीच जागा मागायची चूक मीही केली, आणि प्रोग्रॅम बिनतक्रार चालला. ही चूक आजही तशीच लपते. 64 बिट लिनक्सवर 8 बाइट मागितले तरी ग्नू सी लायब्ररी वापरण्याजोगे 24 बाइट देते. एक पूर्णांक आणि एक पॉइंटर असलेला 16 बाइटचा नोड त्यात सहज मावतो. पुढे नोडमध्ये नावाचा ॲरे घातला की शेजारच्या ब्लॉकची नोंद पुसली जाते, आणि प्रोग्रॅम कोसळतो तो नंतरच्या एखाद्या निर्दोष मॅलॉक किंवा फ्रीमध्ये.

अशा चुका जागीच पकडायला ब्रूस पेरेन्स यांनी 1987 साली 'इलेक्ट्रिक फेन्स' हे साधन लिहिलं. प्रत्येक ब्लॉकला लागून मेमरीचं एक बंद पान ठेवायचं. हद्द ओलांडली की प्रोग्रॅम जागीच थांबे. मात्र छोट्याशा नोडमागे अख्खी पानं खर्ची पडत. 2002 साली ज्युलियन सीवर्ड यांचं व्हॅलग्रिंड आलं. ते पुन्हा कंपाइल न करताच प्रत्येक वाचन-लेखन तपासतं, पण प्रोग्रॅम वीस-तीस पटींनी मंदावतो. 2012 साली गूगलच्या अभियंत्यांनी ॲड्रेस सॅनिटायझर मांडला. त्यात तपासणी कंपायलरच पेरतो, त्यामुळे वेळ साधारण दुप्पटच लागतो. 2013पासून तो जीसीसी कंपायलरमध्येही आहे.

फ्री केलेल्या नोडला हात लागला की सॅनिटायझर तीन जागा दाखवतो: नोड कुठे वापरला, कुठे फ्री केला आणि कुठे मागितला होता. याच तीन प्रश्नांसाठी आम्ही ओळीओळीला प्रिंटएफ टाकत रात्री काढल्या.

तरीही जी वाट चाललीच नाही, तिच्यातली चूक हे साधन पाहू शकत नाही. म्हणून रिकामी लिस्ट, एकच नोड आणि शेवटचा नोड काढणं या तीन चाचण्या माणसानेच लिहायला हव्यात. आज सी शिकणाऱ्यांना माझी विनंती आहे: पहिल्या प्रॅक्टिकलपासून सॅनिटायझर चालू ठेवा, आणि प्रत्येक मॅलॉक लिहितानाच हा नोड कोण फ्री करणार ते ठरवा.