चिखल की मोटरवे? दुचाकी निवडण्यामागचं पदार्थविज्ञान

गेल्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा होतो. मागून एका मित्राने खांद्यावर हात ठेवला. "दादा, टेस्ट पास झालो. आता तुझ्यासारखीच उंच गाडी घेतो. रोज ऑफिसला, उन्हाळ्यात हिला मागे बसवून स्कॉटलंड आणि अधूनमधून वेल्सच्या कच्च्या वाटा. एकच गाडी सगळं करेल ना?"

पानात श्रीखंड पडत होतं, म्हणून मी "बोलू नंतर" म्हणालो. खरं कारण वेगळं होतं. ती उंच गाडी मागच्या ऑक्टोबरात वेल्समधल्या एका कच्च्या वाटेवर माझ्या घोट्यावर पडली होती. वेग चालण्याइतकाच होता. वाट डावीकडे उतरती होती, मी पाय टेकवायला गेलो आणि पायाला जमीनच लागली नाही. मोबाइलला रेंज नव्हती आणि सोबत कुणी नव्हतं. कुत्र्याला फिरवणारे एक गृहस्थ येईपर्यंत अर्धा-पाऊण तास मी तसाच पडून होतो. हाड मोडलं नाही, पण मित्राला "घे बिनधास्त" म्हणायची हिंमत होईना. म्हणून हे सविस्तर उत्तर.

दोन टोकं आणि मधला प्रांत

ड्युअल-स्पोर्ट म्हणजे रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली, पण मुळात कच्च्या वाटेसाठी घडवलेली हलकी गाडी. १९६८ साली आलेल्या यामाहा डीटी-१ ने हा प्रकार लोकप्रिय केला. आजचं उदाहरण म्हणजे होंडा सीआरएफ ३०० एल : वजन १४२ किलो, पुढचं चाक २१ इंची, सीटची उंची ८८० मिलिमीटर आणि पेट्रोलची टाकी जेमतेम ७.८ लिटरची.

दुसऱ्या टोकाला टूरिंग गाडी, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यू आर १२५० आरटी. वजन २७९ किलो, दोन्ही चाकं १७ इंची, सीट ८०५ मिलिमीटरवर, टाकी २५ लिटरची, समोर मोठी काच आणि मागच्या माणसासाठी प्रशस्त जागा.

या दोन्हींच्या मधल्या प्रांताला 'अ‍ॅडव्हेंचर' म्हणतात. १९८० च्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस या गाडीच्या नावातच ही तडजोड आहे. त्यातली जर्मन अक्षरं 'उघडं रान' आणि 'रस्ता' या दोन शब्दांची आहेत. रॉयल एनफिल्ड हिमालयन याच प्रांतातली. आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी एक गोष्ट : लेस्टरशायरमधल्या हिंक्लीच्या ट्रायम्फ कंपनीची स्क्रॅम्बलर ४०० एक्स इथल्या दुकानात दिसते, ती पुण्याजवळ चाकणला बनलेली असते.

आता या गाड्यांना चार परीक्षांना बसवू.

पहिली परीक्षा : हवा

हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे ताशी ५० मैलांवरून ७० वर गेलात, तर वेग १.४ पट होतो, पण हवेसाठी लागणारी शक्ती जवळजवळ पावणेतीनपट.

गाडी आणि चालक मिळून २८० किलो धरू. रोध-गुणांक गुणिले समोरचं क्षेत्रफळ हा आकडा ०.५ चौरस मीटर धरू. सरळ बसणाऱ्या चालकासाठी तो वाजवी आहे. मग ताशी ७० मैलांना हवेसाठी साधारण ९ किलोवॉट आणि टायरच्या घर्षणासाठी पावणेदोन किलोवॉट लागतात. एकूण सुमारे १५ अश्वशक्ती. जुन्या ४११ सीसी हिमालयनकडे सुमारे २४ अश्वशक्ती होती. मग अडचण काय?

अडचण समोरून येते. ताशी ३० किलोमीटरचा समोरचा वारा धरा, जो या देशात अगदी किरकोळ समजला जातो. गरज २२ अश्वशक्तीवर जाते. त्यात शंभर मीटरला तीन मीटरचा चढ आला की साडेपंचवीस. एम-६ मोटरवेवर शॅपच्या चढाला छोटी गाडी सगळा थ्रॉटल उघडूनही दमते ती यामुळे. मागे लॉरी असेल तर तो अनुभव सुखाचा नसतो. नव्या ४५२ सीसी हिमालयनची ४० अश्वशक्ती इथे पुरते, पण डबलसीट आणि सामान असेल तर हातात फार काही उरत नाही.

मोठी काच लावल्याने रोध फार कमी होतोच असं नाही. ती वारा आणि पाऊस छातीवरून बाजूला वळवते. चार तासांनी मानेला आणि बोटांना हा फरक कळतो, आणि गारठलेली बोटं ब्रेक उशिरा दाबतात.

दुसरी परीक्षा : दगड

मोठं चाक दगडावरून सहज जातं असं सगळे म्हणतात. किती सहज, ते मोजून पाहू. टायर धरून २१ इंची चाकाची त्रिज्या साधारण ३४८ मिलिमीटर आणि १७ इंची चाकाची साधारण ३००. समोर ८० मिलिमीटर उंच दगड आला. साध्या भूमितीने पाहिलं तर तो चढायला १७ इंची चाकाला सुमारे बारा टक्के जास्त बल लागतं. फरक आहे, पण जाहिरातीत दाखवतात तेवढी जादू नाही.

खरं काम सस्पेन्शन करतं. चाक वर-खाली जायला २०० मिलिमीटर जागा असेल तर धक्का सावकाश जिरतो. १४० असेल तर सस्पेन्शन तळाला आपटतं आणि तो धक्का मनगटाला बसतो. पण ही जागा फुकट मिळत नाही. चाकाला वर यायला जागा हवी, म्हणून गाडीच वर उचलावी लागते. सीट उंच होते, गुरुत्वमध्य वर जातो, आणि जोरात ब्रेक मारला की नाक जास्त बुडतं. मोठं चाक फिरताना आपली दिशाही जास्त हट्टाने धरून ठेवतं. खडीवर हा गुण ठरतो, पण लेक डिस्ट्रिक्टच्या नागमोडी रस्त्यांवर त्याच गाडीला वळवायला जरा जास्त जोर लागतो.

तिसरी परीक्षा : कलणं

माझा घोटा याच परीक्षेत नापास झाला. उभी गाडी कलायला लागली की तिला सावरायला लागणारं बल तीन गोष्टींवर ठरतं : वजन, गुरुत्वमध्याची उंची आणि कललेला कोन. गुरुत्वमध्य ६० सेंटिमीटरवर आणि हँडल एक मीटरवर धरू. गाडी २० अंश कलली की हँडलशी लागणारा जोर असा :

१४२ किलोची गाडी : सुमारे २९ किलो
१९६ किलोची हिमालयन ४५० : सुमारे ४० किलो
२७९ किलोची टूरिंग : सुमारे ५७ किलो

कोन वाढत गेला की हा आकडाही वाढतो. चिखलात, एका पायावर, बूट घसरत असताना ४० किलो सावरणं जवळपास अशक्य आहे. १० अंशांवर हाच आकडा अर्धा असतो, म्हणून पाय लवकर टेकायला हवा. पाय लवकर टेकण्यासाठी सीट बेताच्या उंचीवर हवी. माझी उंची पाच फूट पाच इंच. सपाट शोरूममध्ये चवडे टेकतात, पण वाट एका बाजूला दहा सेंटिमीटर उतरली की तेही टेकत नाहीत. गाडी विकत घेताना हा हिशोब मी केला नव्हता.

'लाँग वे राउंड' या २००४ च्या लंडन ते न्यूयॉर्क प्रवासात मंगोलियाच्या चिखलाने मोठ्या बीएमडब्ल्यूंना जेरीस आणलं, आणि कॅमेरामनला एक हलकी, स्वस्त रशियन गाडी घ्यावी लागली. उलट टेड सायमन १९७३ साली लंडनहून जगप्रवासाला निघाले, ते ट्रायम्फ टायगर १०० या पाचशे सीसीच्या साध्या रस्त्यावरच्या गाडीवर. चार वर्षांत ते भारतासह जग फिरून आले. कच्च्या वाटेवर गाडीच्या जातीपेक्षा वजन आणि चालकाचा संयम जास्त कामाला येतात.

चौथी परीक्षा : टायर

मागचा टायर जमिनीला किती टेकतो? ढोबळमानाने, भार भागिले टायरमधला दाब. दीडशे किलोचा भार आणि अडीच बार दाब असेल तर साठ चौरस सेंटिमीटर. तळहातापेक्षाही लहान! दाब दीड बारवर आणला की जागा सुमारे शंभर होते. म्हणून कच्च्या वाटेवर थोडी हवा कमी करतात. पक्क्या रस्त्यावर यायच्या आधी ती परत भरायलाच हवी, नाहीतर टायर तापतो आणि गाडी वळणावर डुलते.

ठळक ठोकळ्यांचे नॉबी टायर चिखलात रुतून पकड घेतात. पण ओल्या डांबरावर त्याच ठोकळ्यांमुळे टेकणारं रबर कमी होतं आणि ब्रेक मारताना ठोकळे वाकतात. हायवे कोडप्रमाणे ताशी ६० मैलांना थांबायला ७३ मीटर लागतात. तेही चांगल्या परिस्थितीत, चांगल्या टायरवर.

कायद्याची वाट

इंग्लंड आणि वेल्समध्ये प्रत्येक कच्ची वाट आपली नाही. फूटपाथ आणि ब्रिडलवेवर मोटरसायकल नेणं गुन्हा आहे. २००६ च्या कायद्याने बऱ्याच जुन्या वाटांवरचा वाहनांचा हक्कही संपला. 'सर्व वाहनांसाठी खुले बायवे' उरले आहेत, पण तिथेही टॅक्स, विमा आणि लागू असल्यास एमओटी हवी, आणि काउन्सिलची हंगामी बंदी नाही ना हे पाहायला हवं. ऑर्डनन्स सर्व्हेच्या १:२५,००० नकाशावर हे बायवे हिरव्या रंगात दाखवलेले असतात. स्कॉटलंडमध्ये रानावनात फिरण्याचा प्रसिद्ध हक्क आहे, तो पायी, सायकलने किंवा घोड्यावर. इंजिनाला तो लागू नाही. म्हणजे मित्राचा स्कॉटलंड हा जवळपास पूर्ण डांबरी आहे. ६२६ मीटर उंचीवरचा बेलाख ना बा घाट अरुंद आणि तीव्र वळणांचा असला, तरी रस्ता पक्का आहे.

एक सूचना नव्याने आलेल्यांसाठी. भारतीय लायसन्सवर इथे १२ महिनेच चालवता येतं, आणि तेही त्यावर मोटरसायकलची नोंद असेल तरच. नंतर इथली टेस्ट. ए-२ लायसन्सला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे. हिमालयन ४५० आणि स्क्रॅम्बलर ४०० एक्स दोन्ही त्यात बसतात.

मग काय घ्यायचं?

"साठ टक्के रस्ता, चाळीस टक्के कच्चं" असं आपण मनात ठरवतो. आधी गेल्या वर्षाचे मैल लिहून काढा. माझे काढले, तर शंभरातले तीन मैलही कच्चे नव्हते. पण नुसते मैलही पुरेसे नाहीत, कारण प्रत्येक मैलाची जोखीम सारखी नसते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ताशी १० मैलांपेक्षा ६० मैलांना ती ३६ पट असते. चिखलातली चूक घोट्यावर निभावते. ओल्या ए-रोडवरची चूक निभावेलच असं नाही, आणि तिथे मागे आपलं माणूस बसलेलं असतं.

म्हणून माझा नियम असा : टायर आणि ब्रेक तुमच्या सर्वांत वेगवान रस्त्यासाठी निवडा, वजन आणि सीटची उंची तुमच्या सर्वांत अवघड संथ वाटेसाठी, आणि इंजिन डबलसीट, सामान आणि समोरचा वारा धरून. दर शनिवारी बायवेवर जाणार असाल आणि मोटरवे क्वचितच, तर ड्युअल-स्पोर्ट. वर्षभर दोघं मिळून लांब जाणार असाल, तर टूरिंग. मधलं काही असेल तर १९ इंची पुढचं चाक, दोन्ही पाय टेकतील अशी सीट आणि रस्त्याकडे झुकणारे टायर.

मित्राला मी हेच सांगितलं. स्कॉटलंड आणि ऑफिससाठी तशी मधली गाडी घे, आणि वेल्सच्या चिखलासाठी वर्षातून दोनदा प्रशिक्षकासह हलकी गाडी भाड्याने घे. तो जरा हिरमुसला. मग त्याने विचारलं, "आणि तुझी उंच गाडी?"

ती विकायला काढली आहे. पण तू घेऊ नकोस, तुझी उंची माझ्याएवढीच आहे.