घाणेरीसोबत अठरा पावसाळे

२००६च्या जूनमधली माझी वही अजून आहे. पहिल्याच पानावर लिहिलंय : 'वरच्या टप्प्यांवर पिवळ्या-गुलाबी फुलांची दाट झुडपं. फुलपाखरं भरपूर. ही ठेवायची.' ती झुडपं घाणेरीची होती. तेव्हापासून अठरा पावसाळे मी तीच उपटतो आहे.

जमीन मुळशी तालुक्यातली, पौडच्या पुढे. वडिलोपार्जित साडेतीन एकर डोंगरउतार. आजोबांच्या काळी वरच्या टप्प्यांवर नाचणी आणि वरई व्हायची. खाली ओढ्याकाठी उंबर, जांभूळ, ऐन, बेहडा. पुढे घर पुण्यात आलं, नाचणी थांबली आणि पडीक टप्प्यांवर काय माजतंय हे बघायला कुणी गेलंच नाही. मी गेलो तेव्हा ओढ्याकाठचं रान शाबूत होतं; टप्पे मात्र असे गच्च की कुत्रंही आत शिरायला बिचकायचं. पाहुणे म्हणायचे, "केवढं जंगल राखलंय तुम्ही!" मीही मान डोलवायचो. हिरवं दिसलं की जंगल म्हणायची आम्हा शहरवाल्यांना खोडच आहे.

घाणेरी ओळखायला डोळ्यांपेक्षा नाक बरं. पान चुरगाळलं की उग्र दर्प येतो. नावही त्यावरूनच पडलेलं. खोड चौकोनी आणि काटेरी. एकाच गुच्छात दोन रंग दिसतात, कारण फूल जुनं होता होता रंग बदलतं. काही भागांत तिला टणटणी म्हणतात. अमेरिका खंडातलं हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आलं. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतातल्या सुमारे दीड लाख चौरस किलोमीटर जंगलात त्याचा पसारा मोजला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मा.

घाणेरी परकी आणि पसरणारी आहे हे तेव्हा कळल्यावर मी घाबरलो, आणि घाबरलेल्या माणसाने करावं तेच केलं : २००७च्या एप्रिलात जेसीबी बोलावला. दोन दिवसांत वरचे टप्पे तुळतुळीत. त्या संध्याकाळी काढलेला फोटो आहे माझ्याकडे. कमरेवर हात ठेवून उभा आहे, गड जिंकल्यासारखा. घाणेरीबरोबर किती करवंदी, धायटी आणि कुड्याची किती पोरं गेली, हे विचारायचं मला सुचलंही नव्हतं.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढा तांबडा वाहिला. ऑगस्टमध्ये उघड्या मातीवर गाजरगवत उभं राहिलं. आमच्याकडे ते आधी नव्हतं. जेसीबीच्या चाकांना चिकटलेल्या चिखलातून आलं, की मी हौसेने विकत आणून टाकलेल्या शेणखतातून? मला दोन्ही वाटांचा संशय आहे, आणि दोन्ही मीच उघडल्या होत्या. या गवताकडे भारतात पहिल्यांदा नीट लक्ष गेलं ते १९५०च्या दशकात, पुण्यातच. पुण्याने देशाला काय काय दिलं त्या यादीत हे सहसा कुणी घेत नाही. 'काँग्रेस गवत' हे नाव कुणी आयात गव्हाशी जोडतं, कुणी पांढऱ्या फुलांच्या गांधीटोपीशी. मी ते उघड्या हातांनी उपटलं. मनगटांवर उठलेली खाज दिवाळीपर्यंत पुरली.

शेजारच्या वाडीतल्या एक मावशी गुरं घेऊन बांधावरून जायच्या. माझा उद्योग बघून त्या थांबल्या. "भाऊ, जमीन उघडी टाकली का तिला कुणीतरी पांघरूण घालणारच," त्या म्हणाल्या. "तुमी घातलं न्हाई, मग ह्यानं घातलं."

वहीत ते वाक्य तारखेसकट आहे. त्यातला अर्थ डोक्यात शिरायला मात्र आणखी तीन पावसाळे गेले. तोवर आम्ही कोयत्याने घाणेरी छाटत होतो आणि प्रत्येक बुंध्यातून एकाला पाच धुमारे येत होते. आम्ही तिची मशागतच करत होतो म्हणा ना!

मग दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली, दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांची कॉर्बेटच्या जंगलात वापरलेली रीत. फांद्या छाटत बसायचं नाही. बुंध्याशी थोडी माती उकरायची, धुमारे फुटतात त्या गाठीच्या खाली मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून, मुळं आभाळाकडे ठेवून वाळू द्यायचं. कुदळीचे दोन-तीन घाव पुरतात आणि भोवतालची माती हलत नाही. जमीन भिजून मऊ झाली की, पण फळं काळी पडायच्या आत, हे काम उरकायचं. फळं पिकली की बुलबुल बिया गावभर वाटतात.

दुसरी गोष्ट सिडनीची. तिथे इलीन आणि जोन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात आपल्या घराजवळच्या रानातली परकी तणं हातांनी काढायला सुरुवात केली. त्यांचा नियम साधा : सुरुवात सगळ्यात बिघडलेल्या जागेपासून करायची नाही. चांगल्या रानाच्या कडेपासून करायची, माती कमीत कमी हलवायची, आणि मोकळी झालेली जागा स्थानिक झाडांनी भरल्याशिवाय पुढचं पाऊल टाकायचं नाही. मावशींचं पांघरूण ते हेच.

२०१०पासून आम्ही दिशा उलटी केली. वरच्या टप्प्यांकडे पाठ फिरवून ओढ्याकाठच्या उंबरापासून निघालो. दर पावसाळ्यात एक पट्टा, रुंदी जेमतेम दहा पावलं. पहिल्या वर्षी हसू यायचं. समोर घाणेरीची भिंत आणि आम्ही तिची किनार कुरतडतोय. पण तिसऱ्या वर्षी पहिल्या पट्ट्यात, आम्ही न लावता, जांभळाची आणि भोकराची रोपं गुडघ्यापर्यंत आली. करवंदीने आपली जाळी धरली. पांढरा कुडा तर असा आला की जणू इतकी वर्षं दाराबाहेर ताटकळत होता. गाजरगवतावर औषधापेक्षा टाकळ्याचा उपाय लागू पडला : दाट टाकळा उगवला की गाजरगवताला जागा मिळत नाही. शिवाय कोवळ्या टाकळ्याची भाजी होते.

या परक्या तणांपैकी रानमोडी मी सर्वांत उशिरा ओळखली. तिचं पान साधारण त्रिकोणी, त्यावर त्रिशूळासारख्या तीन ठळक शिरा. हिवाळ्यात फिकट फुलांचे झुबके येतात, त्यानंतर बिया म्हाताऱ्या होऊन वाऱ्यावर निघतात. ती पावसाळ्यातच, ओल्या मातीतून उपटावी. फुलोरा वाळल्यावर हात लावणं म्हणजे स्वतःच पेरणी करणं. तिचा खरा धोका मार्चमध्ये कळतो. २०१६ला डोंगरावरून वणवा उतरला. वाळलेल्या रानमोडीतून तो पळत आला आणि साफ केलेल्या पट्ट्यांच्या कडेशी येऊन मंदावला. ओल्या फांद्यांनी झोडपून आम्ही तो विझवला. पावसानंतर त्या काळ्या राखेत सगळ्यांत आधी कोण उगवलं असेल? रानमोडीच.

माझं स्वतःचं पापही वहीत आहे. २००८मध्ये कुंपणाला आणि झटपट सावलीला म्हणून मी गिरिपुष्पाच्या दीडशे फांद्या रोवल्या. पुण्याच्या टेकड्यांवर ते लावलेलं बघत होतोच. लवकर वाढतं, गुरं फारसं तोंड लावत नाहीत, फुलं गुलाबी. आता ते कुंपण सोडून आत चालत येतंय आणि दर वर्षी दोन दिवस मी माझ्याच झाडांची रोपं उपटण्यात घालवतो. आणलं मीच, त्यामुळे दोष द्यायला ना कलकत्त्याचं उद्यान आहे, ना परदेशी गहू.

घाणेरीच्या बाजूनेही एक नोंद करायला हवी. तिच्या काटेरी जाळीत गुरांपासून वाचलेली जांभळं मी पाहिली आहेत, आणि बुलबुलाची घरटीही. म्हणून आम्ही घरटी असलेल्या जाळ्या त्या पावसाळ्यात सोडून देतो, आणि शेजारी करवंद फळायला लागल्याशिवाय शेवटची जाळी काढत नाही. सगळं तण शत्रू मानून सुटलेली माणसं मला आता थोडी ओळखीची वाटतात. तो २००७चा फोटो आठवतो.

आजची स्थिती. साडेतीन एकरांपैकी सुमारे अडीच एकरांवर घाणेरी फक्त बुलबुलाने टाकलेल्या रोपांपुरती उरली आहे, तीही दर वर्षी शोधावी लागतात. दोन टप्पे अजून तिच्याच ताब्यात आहेत. त्यातला वरचा बहुधा माझ्या हयातीत सुटायचा नाही. नवा पाहुणा म्हणजे कॉसमॉस : रस्त्याकडेने आला, सप्टेंबर-ऑक्टोबरात केशरी-पिवळा फुलतो आणि पुण्याहून लोक त्यात उभं राहून फोटो काढायला येतात. त्यांना ती सोनकी वाटते. सोनकीचं रोप लहान, फूल पिवळंधमक. कॉसमॉस छातीपर्यंत उंच, पान चिरलेलं, आणि काळ्या सुईसारखी बी पँटला चिकटून तुमच्याबरोबर घरी येते.

यंदाचा पट्टा जुलैत घेणार आहोत. ओळखीपैकी कुणी येणार असेल तर चार कुदळी आहेत, पिठलं-भाकरी आहे. हातमोजे आपापले आणावेत, आणि निघताना बूट झाडून निघावं.